आधी आपला हात पुढे करा



वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी धम्मप्रवचन असते. यंदा एका रविवारी ते काम माझ्याकडे आले. विषय होता ‘धम्म आणि गृहस्थ’. मी शाळामास्तर आहे, पंडित नाही. कोणते सुत्त घ्यावे याचा आठ दिवस विचार केला आणि शेवटी ठरविले की, आपल्याच घरात जे घडले तेच उपासक-उपासिकांपुढे ठेवावे. त्या दिवशी जे बोललो तेच येथे लिहीत आहे. ज्या कुटुंबांनी अलीकडच्या काही वर्षांत दीक्षा घेतली, त्यांच्यासाठी ते विशेषकरून लिहीत आहे.

आपण दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले टाक आणि तसबिरी काढल्या. बावीस प्रतिज्ञा मोठ्या आवाजात उच्चारल्या. त्या दिवशी आपले मन निर्भय होते. भोवती हजारो माणसे होती, पांढरी वस्त्रे होती, निळे झेंडे होते. तेथे भीती कोठून येणार? परंतु बंधूंनो, दीक्षेची परीक्षा दीक्षेच्या दिवशी होत नाही. घरात आजार शिरतो त्या दिवशी ती होते. माझी परीक्षा २०१७ साली झाली आणि पहिल्या खेपेला मी नापास झालो. ते लपवून तुम्हांला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. आमच्या घराने २०१५ साली नागपूरला दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. दोन वर्षांनी माझ्या पत्नीला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात गावच्या आशाताईंनी तिचे नाव नोंदविले आणि तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथे सगळ्याच गरोदर बायांचे रक्त तपासतात. थेंबभर रक्ताच्या पहिल्या चाचणीत सिकलसेलची शंका आली. पुढच्या तपासणीत ती सिकलसेलची वाहक असल्याचे नक्की झाले. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. तरीही डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिले, “पतीचे रक्त ताबडतोब तपासावे.”

तो कागद मी खिशात ठेवला आणि तीन आठवडे खिशातच ठेवला.

का ठेवला? लोकांना कारण सांगितले की शाळेत तपासणी आहे, रजा मिळत नाही. खरे कारण दुसरेच होते. माझ्या रक्तातही तेच निघाले तर? पुरुषाचे रक्त सदोष निघाले तर लोक काय म्हणतील? बायकोच्या रक्तावर बोट ठेवायला कोणाला भीती वाटत नाही. आपल्या रक्तावर बोट ठेवायचे म्हटले की हात मागे जातो.

त्या तीन आठवड्यांत घरात काय झाले ते ऐका. माझी आई म्हणू लागली, “आपल्या घराण्यात असं कवाच नव्हतं.” त्या एका वाक्याने माझी पत्नी एकटी आरोपी झाली. शेजारची मोठमाय येऊन ओसरीवर बसली आणि म्हणाली, “देव टाकले ना तुमी! मातामाय घरातून काढली, आता ती पोटात शिरली बाप्पा.” पत्नी स्वयंपाकघरातून सगळे ऐकत होती. मी खुर्चीवर बसून पेपर वाचत होतो. मी एक शब्द बोललो नाही. बंधूंनो, त्या वेळचे माझे मौन ही संमतीच होती.

अखेर आशाताई शाळेच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “गुरुजी, बाईचा हात चार वेळा टोचला. तुमचा एकदा तरी टोचू द्या.” मला लाज वाटली. त्याच दिवशी गेलो. माझा अहवाल आला आणि मीही वाहक निघालो. ‘आपल्या घराण्यात’ ते होते, पिढ्यान्‌पिढ्या होते. फक्त कोणी आपला हात पुढे केला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चार चौकटी काढून आम्हांला समजावून सांगितले. प्रत्येक माणसाकडे या गुणाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. वाहकाची एक प्रत चांगली असते आणि एक बिघडलेली. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांपैकी एक शक्यता अशी की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील आणि त्याला हा आजार होईल. दोन शक्यता बाळ आपल्यासारखे वाहक होण्याच्या, आणि एक शक्यता ते पूर्ण निर्दोष असण्याची. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली असे नाही. दर खेपेला हिशेब नव्याने मांडला जातो.

बाळाला आजार आहे की नाही हे पोटात असतानाच पाहता येते. तिसऱ्या महिन्यात वारेचा कण काढून, किंवा चौथ्या महिन्यानंतर गर्भाभोवतीचे पाणी काढून. गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, परंतु असा आजार तपासण्यास तोच कायदा परवानगी देतो. तिसऱ्या महिन्याची वेळ मी खिशातल्या कागदासोबत घालवली होती. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात पाणी काढले. पुढे अहवालाची वाट पाहणे आले. सोळा दिवस.

आता माझे अपयश सांगतो. त्या सोळा दिवसांत एका रात्री सगळे झोपल्यावर मी सायकल काढली. शिवेवर मातामायचे ठाणे आहे, तेथे गेलो. नारळ फोडला, ओटी ठेवली, हात जोडले. ज्या तोंडाने प्रतिज्ञा घेतल्या त्याच तोंडाने नवस बोललो. परत येताना रस्त्यात कोणी भेटू नये एवढीच चिंता होती.

अहवाल आला. बाळाला सिकलसेलचा आजार होता.

आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? ओटी कमी पडली! बोकड बोलायला हवा होता! बंधूंनो, भीतीचा हिशेब असा असतो. नवस फळला तर देवाचा प्रताप, न फळला तर आपला गुन्हा. या दुकानात तराजू एकाच बाजूला झुकतो. गिऱ्हाईक कधी ऋणातून सुटत नाही.

तेव्हा एकोणिसावा आठवडा संपत आला होता. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे विसाव्या आठवड्यापर्यंतच गर्भपात करता येत असे. २०२१ साली कायद्यात सुधारणा होऊन काही बाबतींत मुदत वाढली आहे, परंतु उशीर तो उशीरच. आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय घ्यायला माझ्या पत्नीच्या हाती मोजके दिवस उरले. बाकीचे आठवडे मी खाल्ले होते.

त्या रात्री मी तिला सगळे सांगितले. कागद खिशात का ठेवला ते सांगितले. मातामायच्या ठाण्याचेही सांगितले. मला वाटले ती चिडेल. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तिथं जाऊन बोलले, मग माझ्याशी काऊन नाही बोलले?”

याचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही. दगडापुढे मी मन मोकळे केले आणि जिच्या पोटात माझे लेकरू होते तिच्यापुढे तोंड शिवून बसलो. यालाच अज्ञान म्हणतात. अज्ञान म्हणजे पुस्तके न वाचणे नव्हे. मी पुस्तके वाचलेलीच होती.

तिने एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “येऊ द्या त्याला. पण दोन गोष्टी. लेकरू कुणाच्या पापाचं फळ आहे असं या घरात कुणी बोलायचं नाही. आणि तुम्ही माझ्यापासून लपवायचं नाही.” मी दोन्ही कबूल केल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्याच रुग्णालयाच्या बाकावर आमच्या शेजारी दुसरे एक दांपत्य बसले होते. त्यांचे पहिले मूल याच आजाराने तळमळताना त्यांनी पाहिले होते. त्यांनी गर्भ न ठेवण्याचा निर्णय घेतला. ती बाई रडत होती आणि माझी पत्नी तिचा हात धरून बसली होती. तिचा निर्णय वेगळा, हिचा वेगळा. दोन्ही वेदनेतून आले, दोन्ही जाणून घेऊन आले. विहारात बसून अशा मातेला पापिणी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे फक्त मैत्रीला जागा आहे.

पुढच्या पौर्णिमेला मी भन्तेजींकडे गेलो आणि नवसाची गोष्ट सांगितली. वाटले, भन्तेजी रागावतील. ते म्हणाले, “पाय घसरला तर माणूस उठतो. त्रिशरण-पंचशील पुन्हा घ्या.” मग त्यांनी संयुत्त निकायातली सीवकाची कथा सांगितली. ती प्रत्येक नवदीक्षित घराने पाठ करावी अशी आहे.

राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक तथागतांकडे आला. त्याने विचारले, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते. आपले काय मत आहे? तथागतांनी उत्तर दिले की काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या तिघांच्या बिघाडामुळे. काही ऋतू पालटल्याने, काही शरीराची नीट काळजी न घेतल्याने, काही बाहेरच्या आघाताने. कर्माचे फळ हे त्या यादीत शेवटचे एक कारण आहे. सर्वच काही पूर्वकर्मामुळे घडते असे जे म्हणतात, ते स्वतःच्या आणि जगाच्या अनुभवापलीकडे धाव घेतात, म्हणून ते चुकतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर पाहा! आजाराचे कारण शोधायचे तर शरीरात शोधा, ऋतूत शोधा, राहणीत शोधा. सगळा भार मागल्या जन्मावर टाकून मोकळे होऊ नका.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच प्रश्नाचा निकाल लावला आहे. मुलाचे शरीर आईबापांकडून येते, त्याचे गुणदोष आनुवंशिकतेने येतात, पूर्वजन्मीच्या पापपुण्याचे गाठोडे बाहेरून येऊन गर्भात शिरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मागल्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत गरिबाला आणि अस्पृश्याला त्याच्या जागी दाबून ठेवण्यास कसा उपयोगी पडतो, हे त्यांनी ओळखले होते. ज्या सिद्धांताने आपल्या पूर्वजांना सांगितले की तुम्ही मागल्या जन्मी पाप केले म्हणून अस्पृश्य झालात, तोच सिद्धांत आज तुमच्या सुनेला सांगतो की तू पाप केलेस म्हणून लेकरू आजारी आहे. एकाला आपण लाथ मारली. मग दुसऱ्याला ओसरीवर पाट का द्यावा?

विज्ञान काय सांगते तेही ऐका. १९१० साली शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. आणि १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच महिन्यात, केंब्रिजच्या इनग्रॅम यांनी तो दोष हिमोग्लोबिनच्या एका लहानशा तुकड्यापर्यंत नेऊन भिडविला. त्या लांब साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडे-सांधे ठणकू लागतात. सगळी कथा एवढीच आहे. यात कोठे मातामाय आहे? कोठे पाप आहे?

हा गुण आपल्याकडे का आला? वाहकाला हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यापासून थोडे संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखविले. जेथे हिवताप माजला होता तेथे हा गुण टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, ग्रीसमध्ये टिकला आणि आपल्या विदर्भाच्या रानावनातही टिकला. आपले पूर्वज तापाच्या मुलखात राबले आणि जगले, त्याची ही खूण आहे. तिची लाज कशाला बाळगायची?

कारण कळले म्हणून दुःख संपले का? नाही. माझा मुलगा २०१८ साली जन्मला. पहिले काही महिने बरे गेले. मग एके दिवशी हातापायांचे पंजे सुजले आणि तो रात्रभर कळवळला. तेव्हापासून किती रात्री रुग्णालयात काढल्या त्याची मोजदाद नाही. परंतु कारण कळले म्हणून मार्ग सापडला. जन्मल्याबरोबर त्याची नोंद झाली. लहानपणी पेनिसिलीन आणि न्यूमोनियाची लस चुकू दिली नाही. आता हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमाने चालू आहेत. पाण्याची बाटली सतत जवळ असते, थंडीत अंगात स्वेटर असतो. ताप आला की घरगुती उपाय नाही, थेट दवाखाना. तो शाळेत जातो, पाढे म्हणतो, भांडतो. परवा कोणीतरी विचारले, “तुला काय झालं आहे?” तो म्हणाला, “माझं रक्त थोडं वाकडं आहे.” आणि खेळायला पळाला.

तथागतांनी एकदा अतिसाराने आजारी पडलेला भिक्खू पाहिला. तो आपल्याच घाणीत पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजविले. मग भिक्खूसंघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बंधूंनो, आजारी लेकराचे पाय रात्री दोन वाजता चेपणारा बाप वंदना चुकवीत नाही. तीच त्याची वंदना आहे.

आणि बाबासाहेबांकडे पाहा. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. हा बाप दुःखाने खचला, परंतु थांबला नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात मातृत्व-लाभाचे विधेयक आले तेव्हा ते कामकरी बायांच्या बाजूने उभे राहिले. स्वतःच्या घरातले दुःख त्यांनी इतरांच्या घरासाठी कामाला लावले. याला धम्म म्हणतात.

म्हणून शेवटी काही विनंत्या करतो.

तरुणांनो, लग्नाआधी आपले रक्त तपासून घ्या. सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. दोघेही वाहक असाल तर काय होऊ शकते ते आधी जाणून घ्या.

आईबापांनो, मुलगी वाहक आहे म्हणून लपवू नका, आणि वाहक आहे म्हणून दुसऱ्याची मुलगी नाकारू नका. अस्पृश्यता आपण भोगली आहे. रक्ताची नवी अस्पृश्यता आपल्याच वस्तीत उभी करू नका.

घरात आजारी मूल असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे हे लक्षात ठेवा. ती भीक नव्हे, हक्क आहे. तो मागा.

विहाराच्या मंडळांनो, वर्षावासात एक दिवस रक्ततपासणीचा ठेवा. वंदना झाली की लगेच. अध्यक्षांनी आधी बसावे.

आणि घरधन्यांनो, तुम्हांला सर्वांत शेवटी सांगतो, कारण तुमच्याशीच माझे भांडण आहे आणि तुमच्यातलाच मी एक आहे. सिगाल नावाच्या तरुणाला उपदेश करताना तथागतांनी पतीची कर्तव्ये सांगितली. त्यांत पत्नीचा मान राखणे आणि तिचा अवमान न करणे या दोन गोष्टी आहेत. पत्नीच्या पोटात लेकरू असताना तिच्याविरुद्ध एक शब्द निघाला आणि तुम्ही पेपर वाचत बसलात, तर तो अवमान तुम्हीच केला असे समजा. डॉक्टरांनी कागद दिला तर खिशात ठेवू नका. मनात भीती आली तर रात्री शिवेवर जाऊ नका. घरातच दिवा लावा, तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा की मला भीती वाटते. तिलाही वाटत असते.

त्या रविवारी प्रवचन संपल्यावर माझी आई उठली. वय सत्तरीच्या पुढे. विहारात सगळ्यांसमोर तिने माझ्या पत्नीजवळ जाऊन तिचा हात धरला आणि म्हणाली, “माझंच रक्त असन त्याच्यात. माझंही तपासा.” दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या आणि आईने पदर सावरून हात पुढे केला.

जय भीम! नमो बुद्धाय!